अक्काचा कोरा चेहरा

१२ नोव्हेंबर १९७४, मंगळवार
अक्काचा फोटो आला. ती जाऊन पंधरा दिवस. दसऱ्याआधी काढलेला, एकटीचा असा एवढाच. एरवी कॅमेरा दिसला की ही स्वयंपाकघरात. काच पुसली, तर चेहऱ्यावर देवीचा एक व्रण नाही. गाल सोललेल्या अंड्यासारखे. माझ्या थोरल्या बहिणीचा चेहरा पन्नासएक वर्षं ओळखीचा, स्टुडिओवाल्यानं तो सपाट करून पाठवला. तिची लेक शैला म्हणते, "मावशी, किती छान दिसतेय आई." म्हटलं, छान आहे. पण कोण आहे?
रविवारी नातलग यायचेत. तोवर भिंतीवर खरी अक्का हवी.

१३, बुध
कुंभारी गावाहून येणारी निंगव्वा इतकी वर्षं अक्काच्याच भांड्यात दूध घालतेय. आज फोटोपुढं थांबली.
"बाई, ह्यो तुमचा जुना फोटू व्हय?"
"डोळे तपासून घे."
"तसं न्हाय. नाक बघा की. हनवटी बघा."
बघितलं नाही. दूध उतू गेलं.

१४, गुरु
स्टुडिओत गेले. नरसय्या नावाचा इसम हे उद्योग करतो. खिडकीपाशी तिरप्या काचेवर निगेटिव्ह, हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. म्हटलं, माझ्या बहिणीचे व्रण परत कर.
"लोक काढायला येतात, बाई. परत घालायला तुमीच पैल्या."
"सौंदर्यातलं तुला काय कळतं?"
"मला कुटं काय कळतंय. ज्येचं तोंड त्येला इचारतो."
निगेटिव्ह तिरपी धरून दाखवली. एकेका व्रणाच्या जागी पेन्सिलीचा ठिपका. खरवडलेलं काही नाही, त्यामुळे टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की सगळं निघतं. पण एकदा निघालं की पुन्हा अस्संच भरून देईन याची खात्री नाही, म्हणाला. हात आता कापतो.
"काढून टाक."
"काढतो की. पन ताई सोता आल्या हुत्या. दोनदा. हितं बसून बोटानं दाखवायच्या, ह्यो ऱ्हायला, ह्यो ऱ्हायला. पिशवीत तुमचा फोटो हुता, पदवीचा काळा गाऊन घातलेला. म्हनल्या, आमच्या धाकटीवानी कर."
बोळा खाली ठेवायला सांगितला. शनिवारी येते म्हटलं. नंतर आठवलं, छत्री तिथंच राहिली.

१५, शुक्र
शैलाला विचारलं, तुला माहीत होतं? होतं. "तुला सांगितलं असतं तर तू आईला भाषण दिलं असतंस." दिलं असतं.
देवी आधी मला आल्या. अक्का माझ्या अंथरुणात शिरून झोपायची, कुणाचं ऐकेना, मग तिला. माझ्या तोंडावर खूण राहिली नाही. मला कॉन्व्हेंटात घातलं, तिला घरात ठेवलं. तिथं आरशापुढं रेंगाळलं की सिस्टर म्हणत, हा गर्व. सुट्टीत मी हे अक्काला दिमाखात ऐकवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुझं बरंय. कोऱ्या तोंडाला आरसा कशाला लागतोय?"
चांगली कोटी म्हणून हे मी शिकवताना वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. मुली हसत.

१६, शनि
सकाळी फोटो घेऊन आरशापुढं उभी राहिले. नाक तेच. हनुवटीही. निंगव्वाला एका नजरेत दिसलं. मला जन्मात नाही.
पण ती चिडली की गालावरचे व्रण आधी लाल व्हायचे, मग ती बोलायची. शेवटच्या तापात कपाळ पुसलं ते त्यांच्यावरूनच. ते गेले तर मी ओळखायचं कशावरून? आणि ठेवले तर तिनं बोटानं दाखवलं, त्याचं काय?
शै. म्हणते, आता घरात ज्येष्ठ तू, तू ठरव. ज्येष्ठ अक्का होती.
नरसय्या सहाला बंद करतो. साडेपाच झाले. शै. दारातून विचारतेय, "मावशी, काय सांगणार त्याला?" म्हटलं, आधी छत्री मागणार.
चपला घातल्यात. फोटो पिशवीत ठेवलाय, आणि माझा तो गाऊनमधलाही. दोन्ही त्याच्यापुढं ठेवून सांगेन, ज्याचं तोंड त्याला तू विचारलंस, आता बोळा नको.