नारळ ठेवलाय, मॅडम

बाबा, तुमच्या लेकाला, माझ्या भावाला, काल कोर्टातून थेट व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात नेलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सारखी फोन बघते. पळून तर आला नसेल ना, हाच घोर. मांडव्याच्या जेट्टीवर पोलिसांनी धरला तेव्हा त्याच्या खिशात पावडरची पुडी होती. पुडी लहान, म्हणून वकील म्हणाले, "त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, व्यसन आहे, उपचार घेतो. पूर्ण केले तर खटल्यातून सुटेल. अर्धवट सोडले तर खटला पुन्हा उभा." एवढं सोपं होतं. पण आपलं घर ते! आईने कोर्टाच्या आदल्या दिवशी त्याला देवीपुढे नेऊन व्यसन सोडल्याच्या शपथेचा नारळ ठेवायला लावला आणि बजावलं, "सायबाना सांग, मी सोरलाय. आपले घरान कोन व्यसनी नाय."

तुमचे तर किती नारळ झाले, बाबा! मिठागरावरून यायचात, फुटलेल्या पायांनी तसेच देवळात जायचात. त्या दिवशी आई तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण करायची, शेजारीपाजारी जेवून जायचे, आणि शिमगा आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तरी बोलायचं एकच, दारू सोडलीय. डॉक्टरांनी तुमचं पोट चाचपत विचारलं, "दारू घेता?" तुम्ही आईकडे पाहिलंत. ती म्हणाली, "सोरली. नारल ठेवलाय." आणि तुम्ही मान डोलावलीत. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो. पुढचा शिमगा तुम्ही पाहिलाच नाहीत.

काल तो कोर्टात उभा आहे. न्यायाधीश बाई विचारतात, "व्यसन आहे का?" आणि हा म्हणतो, "नाही मॅडम, सोडलंय. देवीला नारळ ठेवलाय." वकिलांनी कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, "सोडलंय तर उपचार कसले? खटला चालवू." मी मागून उठलेच. "मॅडम, आमचे बाबाही मरेपर्यंत हेच सांगत होते." त्यांनी मला खाली बसवलं, पण पुढचं काही लिहिलं नाही, त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने कठडा घट्ट धरला. मग आईकडे न बघता म्हणाला, "सुटत नाय मॅडम. मना पाठवा." आपल्या घरात हे पहिल्यांदाच कुणी बोललं, बाबा. मला रडू आलं. आई कालपासून माझ्याशी बोलत नाही.

हे लिहून पाठवणार कुठे? कपाटात साड्यांखाली ठेवीन. एक मात्र सांगायचं राहिलं. आज सकाळी बाजारातून येताना पाय आपोआप देवळाकडे वळले आणि मीही नारळ ठेवून आले. त्याचं सुटू दे, असं मागायचा धीर झाला नाही. तो दवाखान्यात टिकू दे, एवढंच मागितलं.