चाळीस फूट नेमके कोठून मोजायचे याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका, मुख्य कचेरी.

विषय : गच्चीवर राहत्या खोल्या बांधू देण्याबाबत.
संदर्भ : १) आरोग्य विभागाची घर सोडण्याची नोटीस, दि. २ जून.
२) बांधकाम परवाना विभागाचे नकारपत्र, दि. २० जून.

महोदय,

१. मी चाळीस वर्षे गवंडीकाम केले. चौकामागच्या गल्लीतले आमचे घर मीच बांधले. तेव्हाच्या रस्त्यापासून ते चौतीस फूट उंच होते. वरचे दोन मजले धाकट्या भावांचे. तळमजल्यावर मी, बायको, मुलगा, सून आणि नात राहतो.

२. चौकातला मनोरा सगळीकडून दिसावा म्हणून येथे चाळीस फुटांच्या वर बांधता येत नाही. रस्त्याला मात्र अशी मर्यादा नाही. जुना थर न उकरता त्यावर नवा टाकत टाकत तीस वर्षांत रस्ता चार फूट वर आला. आमच्या खिडकीतून पूर्वी माणसांचे चेहरे दिसत, आता चपला दिसतात.

३. आरोग्य विभाग म्हणतो, खोल्या रस्त्याखाली गेल्या, म्हणजे ते तळघर झाले. तीस दिवसांत सोडा. म्हणून गच्चीवर दहा फूट उंचीच्या खोल्या मागितल्या. आजच्या रस्त्यापासून घर तीस फूट भरते, त्यात दहा मिळवले की बरोबर चाळीस. परवाना विभाग म्हणतो, मोजायचे ते जुन्या जमिनीपासून. चव्वेचाळीस होतात, नामंजूर. मोजणीच्या साहेबांना मी रस्ता दाखवला. ते म्हणाले, "आजोबा, रस्त्याचं आम्हाला सांगू नका. ते खातं खालच्या मजल्यावर." खाली गेलो, तर म्हणाले, "उंचीचं वर विचारा." हा जिना मी चार वेळा चढलो-उतरलो आहे.

४. या मर्यादेपायी गल्ली ओस पडत चालली. शिंपी गेला, छापखाना गेला. गावाबाहेर वीस-वीस मजले उठत आहेत. मुलगा तिकडे घर बघून आला. सून म्हणाली, "बाबा, तिथं दोनच खोल्या आहेत. तुमचं आणि आईंचं कसं करायचं, तुम्हीच सांगा." तिचा दोष नाही.

५. नोटिशीचे नऊ दिवस उरले आहेत. तरी दोन्ही विभागांच्या साहेबांनी एकाच दिवशी, एकच टेप घेऊन आमच्या दाराशी यावे, ही विनंती. टेपचे खालचे टोक मी धरीन. कोठे धरायचे, तेवढे दोघांनी आपसांत ठरवून सांगावे.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
निवृत्त गवंडी, तळमजला, चौकामागची गल्ली
दिनांक : २३ जून

सोबत : वरील दोन्ही पत्रांच्या प्रती, खिडकीचा आतून काढलेला फोटो.