दोन्ही बूट डावे

ती. दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. खरं तर वाकूनच करायला हवा, पण दिवसभर शिलाई मशीनवर बसून पाठ अशी आखडलीय, की एकदा वाकले तर सरळ करायला शेजारच्यांना बोलवावं लागेल. तेव्हा उभ्यानं केलेला गोड मानून घे. तुझी तब्येत बरी असेल. वहिनीचा गुडघाही बरा असेल. (नसेल तर तिला म्हणावं, कामं दादाला सांग. तुला वर्तमानपत्र उचलून ठेवायला सांगितलं तरी तू ते वाचत बसतोस, मला का माहीत नाही?) आम्ही इकडे मजेत आहोत, म्हणजे भांडणात आहोत. बाबा तुझी फार आठवण काढतात असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? त्यांना सध्या फुरसतच नाही. का नाही ते सांगते. जरा ऐसपैस बस, पत्र लांबणार आहे.

बाबा न्हाणीघरात घसरले, उजव्या पायाचं हाड मोडलं, ते सगळं तुला ठाऊक आहे. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायचं. आत्ता नाही चाललात तर मग खुर्ची कायमचीच. बाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. रोज नवी सबब. आज ऊन आहे, आज वारा आहे, आज अंग जड आहे. एकदा मात्र खरं बोलले. म्हणाले, पडलो तर उचलायला तू एकटी. मग मी त्यांच्यावर खूप ओरडले (भीती वाटली की मी ओरडते, त्यात मी आईवर गेलेय), तेव्हा कुठे म्हणाले की चांगल्या पकडीचे बूट आण, मग बघू. त्यांना वाटलं, ही कामाच्या रगाड्यात कुठली जातेय! मी तिथल्या तिथे टेप काढली आणि पायाशी बसले. उजव्या पायाला हात लावू देईनात, म्हणून डाव्याचंच माप घेतलं आणि निघाले.

दोन चौक सोडून ते साबणापासून इस्त्रीपर्यंत सगळं मिळणारं नवं मोठं दुकान झालंय ना, तिथे गेले. एवढं मोठं दुकान, पण चौकशी करायला माणूस नाही. मीच खोका काढला, वरचा बूट टेपनं मोजला, बरोबर डाव्या पायाचा, मापात अगदी चोख. दुसरा कागदात गुंडाळलेला होता. तो कशाला उघडू? आजवर जगात कुणी बूट घेताना दुसरा बूट दुसऱ्याच पायाचा आहे ना, हे तपासलंय का? काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे न बघता मोबाइल नंबर विचारला. मी म्हटलं, मला बूट हवेत, सोयरीक जुळवायची नाही. तर म्हणे नंबराशिवाय बिल निघत नाही. मी बाबांचा दिला. मग पिशवी हवी का, पॉइंट हवेत का, पायमोजे हवेत का, बूटपॉलिश हवं का! सगळं विचारलं, फक्त दोन पायांचे दोन बूट हवेत का, तेवढं विचारायचं राहिलं.

घरी येऊन खोका उघडला तर दोन्ही डावे. बाबांनी दोन्ही मांडीवर घेतले, उलटेसुलटे करून बघितले आणि शांतपणे म्हणाले, तू माप डाव्याचं नेलंस, त्यांनी डावे दिले, त्यांचं काय चुकलं? आणि पाय खुर्चीवर ओढून घेतले. सुटकाच झाली त्यांची! मला इतका राग आला की अर्धवट शिवलेलं ब्लाउज तसंच मशीनवर टाकून मी खोका उचलला आणि तडक दुकानात गेले.

रांगेत उभी राहिले. नंबर लागल्यावर कळलं, हा घेण्याचा काउंटर, बदलण्याचा काउंटर अगदी पाठीमागे. पाठीमागे गेले तर तिथे कुणी नाही, नुसती घंटा. घंटा वाजवली तर मघाचीच मुलगी आली! (मग इतका वेळ मला समोरच्या रांगेत कशाला उभी केली होती?) तिनं खोक्यावरच्या रेघांवर ते लाल दिव्याचं यंत्र फिरवलं, टूं झालं, आणि म्हणाली, सिस्टीममध्ये बरोबर आहे. नग दोन, रंग एक, साइझ एक. मी दोन्ही बूट शेजारी शेजारी तिच्या नाकासमोर धरले. तिला दिसलं, दादा! डोळे होते तिला, आणि बिचारी मनानं वाईट नव्हती, हळूच हसलीसुद्धा. पण तिच्या पडद्यावर बदलण्याची कारणं ठरलेली: लहान होतो, मोठा होतो, रंग आवडला नाही, फाटलेला निघाला. दोन्ही डावे असं कारणच नाही. मी म्हटलं, काहीतरी एक दाब. तिनं ‘लहान होतो’ दाबलं, तर यंत्र म्हणे आता एक माप मोठाच मिळेल, हा नाही. मग मॅनेजर आला. गळ्यात पट्टा, तोंडात साखर. म्हणाला, ताई, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. समजू शकतोस तर बूट दे ना बाबा! तर म्हणे नंबर ज्यांचा आहे त्यांनी स्वतः यायला हवं. मी म्हटलं, अरे ते चालत नाहीत म्हणून तर बूट घेतलेत! तो म्हणाला, तरी नियम आहे. बाहेर पडताना दारात एक पाटी होती, हसरा चेहरा आणि रडका चेहरा, आमची सेवा कशी वाटली ते दाबा. मी रडका चेहरा असा दाबला की अंगठा दुखला. पाटी म्हणाली, धन्यवाद, पुन्हा या.

घरी आले आणि मशीनपुढे बसून मला रडू फुटलं. रागाचं होतं, पण रडूच ते. बाबा खुर्चीतून बघत होते. काय म्हणाला तो, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला हजर करा म्हणाला. बाबा म्हणाले, आण ते बूट.

दादा, तू तिथे असायला हवा होतास. दोन्ही डावे बूट त्यांनी स्वतः घातले, उजवा पाय कसातरी कोंबला, काठी घेतली आणि एकेक पायरी करत जिना उतरले. मी पुढे हात पसरून, मागे टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय. दुकानाच्या दारात चाकाची खुर्ची होती, रखवालदारानं ती पुढे केली. बाबा म्हणाले, मी गिऱ्हाईक आहे, पेशंट नाही. आणि निघाले. दोन्ही बुटांची तोंडं उजवीकडे आणि बदलण्याचा काउंटर डावीकडे, त्यामुळे साबणांच्या फडताळापाशी एकदा मी त्यांना वळवून घेतलं. बाकी सगळं दुकान त्यांनी आपल्या पायांनी पार केलं.

तिथे पोचलो तर ती मुलगी म्हणाली, आजोबा, मोबाइलवर ओटीपी आला असेल तो सांगा. मोबाइल घरी, खिडकीत! बाबांनी काठी माझ्या हातात दिली, काउंटरला धरून एक पाय वर उचलला आणि म्हणाले, हा बघ ओटीपी, आणि हा दुसरा, दोन्ही एकसारखे आहेत का बघून घे. मागची रांग हसायला लागली. मॅनेजर आला, गैरसोय समजू लागला. आता तू आठव, बाबांनी उभी नोकरी वीजबिलाच्या खिडकीआड काढलीय. मॅनेजर म्हणाला, पलीकडच्या काउंटरवर विचारा. बाबा म्हणाले, आम्हीही असंच सांगायचो, पण पलीकडे निदान माणूस तरी बसवायचो. तो म्हणाला, सिस्टीम परवानगी देत नाही. बाबा म्हणाले, आमच्याकडे सिस्टीम नव्हती, आम्ही म्हणायचो साहेब जेवायला गेलेत. तुमच्या सिस्टीमचं जेवण कधी आटोपतं तेवढं सांगा, मी थांबतो. आणि थांबले! उभे राहिले! बसायला स्टूल दिलं, घेतलं नाही. अखेर मॅनेजरनं कबूल केलं की गोदामातून नवा जोड मागवतो, आला की कळवतो. बाबा म्हणाले, कळवायची तसदी नको, मी रोज येऊन विचारीन.

आणि रोज जातात. दोन डावे बूट पुरावा म्हणून पिशवीत, पायात जुन्या चपला, हातात काठी, शेजारी मी. आता टॅक्सीही लागत नाही. तू फोनवर म्हणालास, जाऊ दे, दुसरे घे, एवढ्याशा बुटासाठी कशाला डोक्याला ताप? नाही जाऊ देणार. नंबर दे म्हणाले, दिला. माणूस आण म्हणाले, आणला. आता बूट त्यांनी द्यायचे. नाही दिले तर आम्ही आहोत, ते आहेत आणि ती घंटा आहे.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापे. भाचीचा झगा शिवून तयार आहे, नेणारं कुणी भेटलं की धाडते.

तुझीच, माघार न घेणारी,
धाकटी

ता. क. तुझा मित्र त्या दुकानाच्या मुख्य कचेरीत मोठा साहेब आहे आणि एका फोनवर काम होईल, असं तू म्हणालास. खबरदार तो फोन केलास तर.

ता. क. २ बूट आलेत, दादा. येऊन बरेच दिवस झाले, पण बाबा शेजारी बसले होते म्हणून वर लिहिलं नाही. एक डावा, एक उजवा, मी दोन्ही मोजले. खोका अस्तराच्या कापडांखाली दडवून ठेवलाय, आणि ती मुलगी आणि मॅनेजर दोघांनाही हात जोडून सांगितलंय की बाबा आले की ‘अजून नाही’ एवढंच म्हणा. मॅनेजर तयार झाला, म्हणाला हे वाक्य आम्हाला पाठच आहे. तूही फोनवर काही बोलू नकोस. हे किती दिवस चालणार? म्हणून मुख्य काम लिहिते: तुझ्या घरात एखादी बिघडलेली वस्तू असेल, त्याच दुकानाची, बिलासकट, तर लगेच पाठव. वहिनीची इस्त्री चालेल.

ता. क. ३ पत्र पाकिटात घालणार तोच बाबा आतून आले. खोका त्यांना सापडला होता. मी तोंड चुकवून दोरा ओवत बसले. त्यांनी नवे बूट पायात चढवले, खोलीत एक फेरी मारली, काठी कोपऱ्यात ठेवली आणि दारात जाऊन म्हणाले, चल, तो मॅनेजर जेवायला जायच्या आत गाठायला हवा. मी म्हटलं, अहो बाबा, बूट तर मिळाले, आता कशाबद्दल भांडणार? म्हणाले, नाड्या फार लांब आहेत.