तेच चाळीस प्रश्न

दि. ४ मार्च

ती. दादास, सा. न.

गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस. वहिनीला मी फितवलंय.

आमची संगणकी कुलपं प्रचंड मूळ संख्यांवर चालतात. दवाखाने, वकील आपापली संख्या पाठवतात, आमचा प्रोग्राम ती मूळ आहे का तपासतो. पक्क्या सिद्धतेला फार वेळ लागतो, म्हणून चाळीस प्रश्न विचारायचे. खोटी, म्हणजे मूळ नसलेली, संख्या एका प्रश्नातून फार तर चारात एकदा निसटते. चाळिसांतून जवळपास कधीच नाही. अट एकच, प्रश्न दर वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. आज सकाळी पाहिलं, तर दर वेळी तेच. बारा वर्षांपूर्वी चाचणीचा निकाल रोज सारखा यावा, अहवाल नेटका दिसावा, म्हणून मीच ते कायम केले आणि काढायला विसरले. प्रश्न ठाऊक असले की त्यांतून पार होणारी खोटी संख्या मुद्दाम घडवता येते, आणि तिचं कुलूप घडवणाऱ्याला सहज उघडता येतं.

शेजारच्या टेबलावरची म्हणते, नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी नावावर खपव. प्रोग्रामवर सही माझी आहे. पण इतकी दमलेय, की गप्पच बसावंसं वाटतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

दि. ९ मार्च

चि. शंकासुरास, भरपूर आशीर्वाद.

दाराची कडी तीनतीनदा तपासणारी तू, आणि हे! आधी हसलो. मग हसू मावळलं. शाळेतली शेवटची सहा वर्षं मी दर सहामाहीला तीच प्रश्नपत्रिका काढत होतो. निव्वळ कंटाळा. पोरं धडाधड पास झाली, हेडमास्तरांनी कौतुक केलं, मी मान डोलावली. तुझ्या वहिनीलाही हे ठाऊक नाही. उपदेश कुठल्या तोंडाने करू? पण गप्प बसूनही थकवा जात नाही, एवढं अनुभवाने सांगतो. बोलून टाक.

रागावलीस तरी लिहीत जा.

दादा

दि. १८ मार्च

ती. दादास, सा. न.

पंधरा तारखेला साहेबांना सांगितलं, माझंच नाव घेऊन. ओरडले नाहीत, म्हणाले, बाई, बसा आधी. मग एकवीस हजार संख्या नव्या प्रश्नांनी पुन्हा तपासल्या. एक नापास झाली. एका दवाखान्याच्या कुलपाची, दोन वर्षांपूर्वीची. कुणीतरी बसून घडवलेली.

कधी कळलं, असं साहेबांनी विचारलं. चार तारखेला, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

दोन वर्षं माझ्या विसरण्याची होती, दादा. शेवटचे अकरा दिवस मात्र कुठलं तरी कुलूप उघडं असेल, हे मला ठाऊक होतं.

यापुढेही लोभ ठेवशील ना?

तुझी धाकटी