डोळे मिटून मारलेला टाका

४ मार्च
वेल्डिंगच्या शेडमध्ये दोन टोळकी आहेत. एक मामाचं. मामा कुणाचाच मामा नाही, सगळ्यात जुना वेल्डर एवढंच. त्याच्याजवळ बसतात ते मास्क घालतात, वेळेवर जेवतात, दिवे मालवले की घोरतात. दुसरं राजेचं. राजे माझ्याच वयाचा. छोटा टाका मारायचा असला की मास्क लावतच नाही! रॉड टेकवताना डोळे मिटतो, चर्र झालं की उघडतो. टाका जागच्या जागी.
आज मी डबा उचलला आणि राजेच्या शेजारी जाऊन बसलो.

९ मार्च
मीपण मारला. डोळे मिटून! पहिला वाकडा, दुसरा बरा. राजेने पाठीत धपका घातला — "आता शोभतोस माझा भाऊ! ते पातेलं मामाला दे, चहा उकळेल त्यात." पातेलं म्हणजे माझा मास्क.
घरापासून एवढ्या लांब कुणी भाऊ म्हटलं की बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.

१० मार्च
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. लिहवत नाही.

११ मार्च
राजेने ओला रुमाल आणून डोळ्यांवर ठेवला. "होते रे सवय. मला आता काहीच होत नाही."
मामाने एवढंच विचारलं — "टाके तू मारतोस, की तुझ्या हाताने तो मारतो?"


२० मार्च
आईला फोनवर म्हटलं, दोस्त चांगला मिळालाय. तिचं लगेच सुरू — "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या..." म्हटलं, आई, पुढचं पाठ आहे मला. तर म्हणते, "मग कुठले गुण लागले तेवढं सांग."
विचार करत बसलो. केस त्याच्यासारखे कापले. शिवी त्याच्यासारखी लांबवतो. तंबाखू लागली. पण आईला रोज फोन करायचा, हेही त्याचंच बघून! आधी कुठे करत होतो मी?
माझं काय लागलं त्याला? काही आठवेना.

२ एप्रिल
सुपरवायझर म्हणाला, सगळ्यांचे डोळे तपासणार. नापास तो घरी.
राजे जेवला नाही. शेडमागे नेऊन म्हणाला, "तुझा नंबर माझ्या आधी आहे. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून ये." मी हसलो. तो नाही हसला. "लांबचं धुकट दिसतं रे. धाकटी माझ्या जिवावर शिकतेय. घरी कुठल्या तोंडाने जाऊ?"
डोळे असे असताना हा उंचावर चढून वेल्डिंग करतो, कधीतरी पडेल — एवढं कळतं मला. मामाला सांगावं? मामा वर सांगणार.
हो म्हटलं. दोस्ती!

५ एप्रिल
तपासणी झाली. आमच्यासारख्या इंग्रजी न येणाऱ्यांसाठी अक्षरं नसतात. एकच खूण, तीन दातांच्या कंगव्यासारखी. दात कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. वरचे कंगवे मोठे, खालचे मुंगीएवढे. मला सगळे दिसले. वाचलो! शेवटची ओळ घोकतच बाहेर आलो, राजेच्या तळहातावर बोटाने काढली — खाली, डावीकडे, वर, वर, उजवीकडे. त्याने म्हणून दाखवली. शाळेत एवढं घोकलं असतं तर इथे असतो का आम्ही!
तो आत गेला. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाईंना काय संशय आला कोण जाणे, त्यांनी भिंतीवरचा तक्ता पलटला. मागेही कंगवेच, पण दात वेगळ्या बाजूंना. मी खोकलो. जोरात खोकलो.
राजेने ऐटीत हात फिरवला — खाली, डावीकडे, वर, वर, उजवीकडे. एकदाही अडखळला नाही.

६ एप्रिल
राजे बॅग भरतोय. म्हणाला, "तोंड पाडू नकोस रे. तू बरोबरच सांगितलं असशील, मीच कुठेतरी विसरलो."
बाईंनी तक्ता पलटला तेव्हा तो समोरच उभा होता.