पाव भागिले अर्धा

दि. ४ ऑगस्ट

चि. बडबडीस,
तुझ्या शिंपी आजोबाचे मापात न मावणारे आशीर्वाद.

तुझी आई सांगत होती, तू गणित शिकवणारा व्हिडिओ टाकलास, त्यात उत्तर चुकलं आणि वर्गातल्या पोरींनी तुझी नक्कल करून ती सगळीकडे फिरवली. पाच दिवस शाळा नाही, वही नाही. पण व्हिडिओखाली कोण काय बोललं ते मात्र दर दोन मिनिटांनी बघतेस. अगं, खाजवून कधी खरूज बरी झालीय? तेरा तारखेची चाचणी देणार नाही म्हणे!

काळजी करू नकोस. मी बंदोबस्त केलाय. दुकानात येईल त्याला आधी तुझा व्हिडिओ दाखवतो, मगच त्याची पँट देतो. सगळ्यांना फार आवडला. चूक तर एकालाही दिसली नाही!

लोभ सैलच बेतावा, अंगाला घट्ट होऊ देऊ नये.
तुझा आजोबा

दि. ७ ऑगस्ट

ती. आजोबांना,
रागावलेल्या नातीचा नमस्कार. (राग वेगळा, नमस्कार वेगळा.)

काय केलंत हे! लोकांनी विसरावं म्हणून मी देव पाण्यात घातले होते आणि तुम्ही आणखी दोनशे जणांना दाखवलात. बेकरीवाल्या काकूंनी तर सगळ्या भाच्यांना पाठवला! मी फोन बंद करून आईच्या कपाटात टाकलाय, म्हणून हे पत्र. आणि चूक दिसली नाही म्हणजे तुमची सगळी गिऱ्हाइकं माझ्यासारखीच ढ आहेत. कृपा करून पँटी मुकाट्याने द्या.

माया कमी झालेली नाही, पण तुम्ही सध्या मागू नका.
आपली नात

दि. ९ ऑगस्ट

चि. बडबडीस,
कान पकडून आशीर्वाद.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. खेळ बंद केला. पण नवीनच घोळ झालाय. तुझं ‘ढ’ मी दुकानात हौसेनं वाचून दाखवलं, तर बस चालवणारी ताई उसळली, म्हणाली, मग बरोबर उत्तर काय ते बोला की! तुझ्या व्हिडिओतलंच गणित, पाव भागिले अर्धा. ती म्हणते अष्टमांश, पोस्टमन म्हणतो दोन, दोघं हमरीतुमरीवर. चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून मीही अष्टमांशच म्हणालो. ताईच्या लेकीची पुढच्या आठवड्यात हीच परीक्षा आहे. चौथी शिकलेला मी कुणाला विचारू? ज्याला ठेच लागते, त्यालाच दगड कुठंय ते ठाऊक. तूच लिही.

राग असला तरी लोभ आटू देऊ नकोस.
आजोबा

दि. १३ ऑगस्ट

ती. आजोबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाव मीटर कापड घ्या. त्यातून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतात? पूर्ण एकही नाही, नुसता अर्धा. म्हणून उत्तर अर्धा. मी भागायच्या ऐवजी गुणत होते. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून आईची जुनी चादर कापत बसले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. (आई तुम्हालाच बोल लावणार आहे.)

आज मला बघताच ती नक्कलवाली सुरू झाली. मी म्हटलं, छान करतेस, पण उत्तर तरी बरोबर सांग. तिलाही येईना! सगळ्या हसल्या. या वेळी मीसुद्धा.

हे पत्र वर्गात माझ्या बाकावर बसून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. बाई चाचणीचे पेपर वाटत आल्यात.
आपली नात