मागची सीट नसलेली गाडी

पुणे, १४ जानेवारी १९९५

चि. कल्पनास,

अनेक आशीर्वाद. तिळगूळ सोबत पाठवला आहे. तो खा आणि यापुढे तरी गोड बातम्या कळव.

तुझं पाकीट आलं तेव्हा आईच्या तब्येतीचं काही असेल म्हणून घाईने उघडलं. आत काय, तर जुनी स्पोर्ट्स कार घेतली तर वर्षाकाठी किती खर्च येईल? मी ते वाक्य मीनाला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण माझ्या एकट्याचा त्यावर विश्वास बसेना. अगं, मी विमा कंपनीत मोटारींचे दावे तपासतो. हौसेने असली गाडी घेतलेले जेवढे लोक मला आजवर भेटले, ते सगळे माझ्या टेबलासमोर रडवेले होऊन बसलेलेच भेटले.

आता विचारलंच आहेस तर ऐक. सत्तर हजार ही त्या गाडीची किंमत नव्हे, तो नुसता उंबरठा आहे. पाव शतकापूर्वीची विलायती गाडी. तिचे सुटे भाग आपल्याकडे कुणी ठेवत नाही. मुंबईतून मागवायचे, महिना-दोन महिने वाट बघायची आणि तोवर गाडी विटांवर उभी. तिच्या मापाचे टायर इथल्या कुठल्या गाडीला लागत नाहीत. लिटरला आठ किलोमीटर दिले तरी नशीब म्हण, आणि पेट्रोलचा भाव तुला ठाऊक आहे. इतक्या जुन्या गाडीचा विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरता मिळतो. तुझ्या गाडीला काही झालं तर तुझं तू बघ. टप कापडाचा, म्हणजे शेड हवी. मिस्त्री इंदूरचा, म्हणजे दर वेळी तिथवर ओढून न्यायची. विकायला काढशील तेव्हा तुझ्यासारखंच दुसरं कुणी शोधावं लागेल, आणि तसं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. सगळं धरून वर्षाला वीस हजार पकड.

शिवाय तिच्यात दोनच माणसं बसतात असं तू लिहिलंस. मे महिन्यात आम्ही चौघं आलो की स्टेशनपासून काय गाडीमागे धावत यायचं? त्यापेक्षा तीन-चार वर्षं वापरलेली, चार दारांची साधी छोटी गाडी घे. तोवर कुणाला एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा काळजीत पडलेला,
दादा


उज्जैन, २७ जानेवारी १९९५

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार अगदी साष्टांग आहे, पण विनंती काही नाही, नुसती हकीकत आहे. फोनवरच सांगितली असती, पण फोन आईच्या खोलीत आहे आणि तिला मी अजून काही बोलले नाही.

तुझा एकही आकडा मी नाकारत नाही. उलट एक भर घाल. इंदूरहून मिस्त्री बोलावून गाडी दाखवली. तो म्हणाला, इंजिन दमदार आहे, पण दुसरा गिअर टिकत नाही, गिअरबॉक्स उघडावाच लागेल. म्हणजे आणखी बारा-पंधरा हजार. बघ, मी काही लपवत नाही.

गाडी भय्यासाहेबांची. टावर चौकातून आत वळल्यावर कोपऱ्यावरचा बंगला, ते. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते, हे स्वतः पाटबंधारे खात्यात इंजिनियर. इंदूरच्या एका मिलचा गोरा मॅनेजर देश सोडून निघाला तेव्हा ही लाल गाडी त्यांनी घेतली. तू कॉलेजात होतास आणि ती रस्त्यावरून गेली की सायकलवरून उतरून उभा राहायचास. ते सोयीस्करपणे विसरलास वाटतं?

नोव्हेंबरात ते माझ्या दवाखान्यात आले. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली आहे. बोगद्यातून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. मी स्पष्ट सांगितलं, गाडी चालवणं आता बिलकुल बंद. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मग तूच घे, भलत्याच कुणाला द्यायची नाही मला. मी हसून किल्ली परत केली. पण त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाही.

का, म्हणून तू विचारशील. दादा, मी बेचाळीस वर्षांची आहे. मोटार शिकले तो डिसेंबरचा महिना सोडला, तर आजवर ज्या ज्या मोटारीत बसले तिच्यात मागे बसले. पुढे बाबा, मग तू, मग लग्नाकार्यात कुणाचे तरी यजमान. मागे आम्ही बायका, मांडीवर कुणाचं तरी मूल, पायाशी फराळाचा डबा. डॉक्टर झाले तरी तेच, कल्पना, तू बारीक आहेस, जरा सरकून घे. या गाडीला मागची सीटच नाही. एवढंच कारण आहे. तुझ्या हिशेबात ते कुठे बसत नसेल तर राहू दे.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
कल्पना


पुणे, ८ फेब्रुवारी १९९५

चि. कल्पनास,

आशीर्वाद आहेतच, पण ते हात कपाळावर मारून मग दिलेले आहेत.

मागची सीट नाही म्हणून गाडी घ्यायची, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग सायकल काय वाईट आहे? कॅरियर काढून टाक, झालं. मी इथल्या दोन गॅरेजवाल्यांशी बोललो. एक नुसता हसला. दुसरा म्हणाला, बहिणीला सांगा, त्यापेक्षा हत्ती घ्या, त्याला सुटे भाग लागत नाहीत. मीना तरी माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, घेऊ दे की. आणि तेव्हापासून माझ्याशी मागच्या सीटवरूनच बोलते आहे. तुझ्या पत्राचा हा खर्च मी वीस हजारांत धरला नव्हता.

पण थट्टा पुरे. आईला गुरुवारी भजनाला, दर महिन्याला दाताच्या डॉक्टरकडे, सणावाराला रामघाटावर कोण नेणार? रिक्षात तिची कंबर धरते. चार दारांची गाडी घेतलीस तर तिची नि तिच्या मैत्रिणींची सोय होईल. तू अशी मोकळी हिंडायला लागलीस तर तिने काय करायचं? मी इथून काय करू शकणार? आमच्या दोन खोल्या तू पाहिल्या आहेस.

तू माझं ऐकणार नाहीस हे उघड आहे, म्हणून आईलाही वेगळं पत्र टाकलं आहे. तिने लक्ष घालावं.

तुझ्या भल्याचंच सांगणारा,
दादा


उज्जैन, १२ मार्च १९९५

ती. दादास,

सा. न. वि. वि. आईला पत्र टाकलंस याबद्दल आभार मानत नाही. तिने ते वाचलं, उशीखाली ठेवलं आणि अजून एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

तुला आनंद होईल अशी बातमी म्हणजे खुद्द भय्यासाहेबच आता तुझ्या बाजूला आहेत. मी परेशान झाले आहे. कागद करायला गेले तर किल्ली सापडेना. पुन्हा गेले तर म्हणाले, होळी होऊ दे. परवा मला समोर बसवून गाडीचे सगळे दोष स्वतः सांगितले. मेमध्ये इंजिन तापतं, पावसाळ्यात टपातून पाणी थेट मांडीवर येतं, गेल्या सिंहस्थात ती रामघाटाच्या उतारावर बंद पडली आणि साधूंनी ढकलून बाहेर काढली. हे सांगताना चेहरा असा, की जणू मुलीचे गुण सांगताहेत. द्यायची आहे की नाही, विचारलं तर चहा आला.

द्यावी तर लागणारच आहे. त्यांच्या मुलाला गाडीची शेड पाडून तिथे दोन दुकानं काढायची आहेत. आपल्या या फ्रीगंज भागात आता भाडी कुठल्या कुठे गेली. एक जण एसटीडी बूथसाठी पागडी घेऊन तयारच आहे. आणि इंदूरचा एक हॉटेलवाला माझ्यापेक्षा जास्त द्यायला बसला आहे. त्याला गाडी चालवायची नाही. दाराशी चौथऱ्यावर ठेवून भोवती रंगीत दिवे लावायचे आहेत. भय्यासाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते उठून शेडचं दार लावून आले.

मी शांतपणे बसून हिशेब केला. तू वीस हजार म्हणालास, माझा चोवीसवर गेला. दवाखान्याला नवं यंत्र हवं आहे. आईचंही तू लिहिलंस ते खोटं नाही. तेव्हा मान लिया. नाही म्हणून सांगायला जाते आहे. तू जिंकलास. कृपा करून त्यावर पत्र लिहू नकोस.

कल्पना


उज्जैन, ५ एप्रिल १९९५

चि. दत्तूस,

आईचे पोटभर आशीर्वाद, सौ. मीनाला आणि मुलांनाही. तुझ्या पत्राला उशिरा उत्तर देते आहे, कारण काय उत्तर द्यायचं ते आत्ता ठरलं.

नाही म्हणायला जाते म्हणाली, पण पंधरा दिवस कल्पनाचे पाय तिकडे वळले नाहीत. शेवटी पाडव्याच्या दोन दिवस आधी निघाली, तेव्हा मीही लाडवांचा डबा घेऊन बरोबर गेले. लक्ष घाल असं तूच लिहिलं होतंस. फाटकाशी पोचतो तर गाडी अर्धी आत, अर्धी बाहेर, डावीकडचा दिवा खांबावर आपटून फुटलेला, आणि भय्यासाहेब स्टिअरिंग धरून बसलेले. कल्पना फिरकेना म्हणून त्यांच्या मुलाने हॉटेलवाल्याशी ठरवून टाकलं होतं, तो संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. त्याआधी देवास रोडवर स्वतः एक चक्कर मारावी म्हणून त्यांनी घरात न सांगता ती काढली होती. तो खांब होता म्हणून बरं. शाळा सुटली होती, फाटकासमोरून पोरं चालली होती.

कल्पना पेशंटशी किती हळू बोलते ते तू पाहिलं आहेस. त्या दिवशी तिचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. म्हणाली, "भय्यासाहेब, किल्ली द्या आणि बाजूला व्हा."

ते म्हणाले, "बाजूचंच तर दिसत नाही मला, बेटा."

तिने त्यांना हात धरून उतरवलं, फिरवून पलीकडच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. मला वाटलं, गाडी आत घेते आहे. तिने ती रस्त्यावर काढली. दोघं गेली आणि मी लाडवांचा डबा घेऊन फाटकात उभी. बऱ्याच वेळाने आली ती केस पिंजारलेली, आणि भय्यासाहेब तिला रागावत होते, की दुसरा गिअर हाताने टाकतेस, कानाने टाक. हॉटेलवाल्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. किंमत एका पैशाने कमी केली नाही आणि हिनेही मागितली नाही. फुटलेल्या दिव्याचा खर्च मात्र त्यांच्याकडे लागला.

तर गाडी आपल्या अंगणात आहे. माझी वाळवणाची जागा गेली, तिचं मी बघेन.

आता तुझं. दाताच्या डॉक्टरकडे मला कोण नेणार, असं तू लिहिलंस. पुण्यात दाताचे डॉक्टर असतील. भजनंही होत असतील. दोन खोल्यांत मला झोपायला किती जागा लागते ते तू विसरला असशील म्हणून सांगते, फार लागत नाही. हे गेल्यापासून बारा वर्षं मी कल्पनाकडे आहे. दादाची पाळी कधी, हे तिने कधी विचारलं नाही. म्हणून मीच ठरवलं. वैशाखात येते, दिवाळीपर्यंत राहीन. कल्पना नको म्हणाली, रडलीसुद्धा. पण शेजारच्या मंगलाकडून मी तिकीट काढून घेतलं आहे. स्टेशनवर ये. सामान जड आहे.

तुझी,
आई


पुणे, २ जून १९९५

चि. कल्पनास,

आशीर्वाद. आई खुशाल आहे. आज तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, अर्धा दिवस रजा गेली. काल गुरुवार होता, भजन पेठेच्या दुसऱ्या टोकाला. ती सगळ्या दुकानदारांशी हिंदीत बोलते आणि भाजीवाल्याने पुडीत कोथिंबीर फुकट टाकली नाही म्हणून माझ्यावर रागावते. तू हे कसं निभावलंस, असं विचारायला पेन उचललं होतं. ते वाक्य लांबत चाललं, म्हणून खोडलं.

सोबत विम्याचा फॉर्म आहे, खुणा केल्या आहेत तिथे सह्या कर. मुंबईत एका माणसाकडे तुझ्या दुसऱ्या गिअरचं दातेरी चाक मिळालं. वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे. किंमत विचारू नकोस, पुन्हा माझं डोकं फिरेल.

तुझा,
दादा


उज्जैन, १ ऑगस्ट १९९५

ती. दादास,

सा. न. वि. वि., आणि या वेळी विनंती खरीच आहे. मी बरोबर होतो ना, असं मला पुन्हा विचारू नकोस. होतास. चोवीस हजार तर शेवटी दिवाळीआधीच संपतील. क्लचची केबल तुटली, रेडिएटर गळला, टपातून पाणी खरोखर मांडीवर येतं. दवाखान्याचं यंत्र पुढच्या वर्षावर गेलं. मिस्त्री तर मला बघितलं की आत जाऊन लपतो. पण तुझं चाक बसवलं आणि दुसरा गिअर आता लोण्यासारखा पडतो.

रविवारी सकाळी भय्यासाहेबांना घेऊन निघते. त्यांची नजर आणखी उतरली आहे. म्हणून रस्त्यात काय काय आहे ते मी सांगायचं, आणि मी चुकीचं सांगते असं त्यांनी म्हणायचं. इथे पिंपळ हवा, ट्रक असा का गेला, स्पीड किती ठेवला आहेस. उतरताना कान किटलेले असतात.

परवा देवास रोडला लागलो आणि त्यांचं बोलणं थांबलं. बघते तर झोपलेले. एवढ्या आवाजात, एवढ्या वाऱ्यात, हात मांडीवर ठेवून. नेहमी आम्ही जिथून मागे फिरतो तो ढाबा आला. मी फिरले नाही. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे सोयाबीन हिरवंगार. कुणाला न्यायचं नव्हतं, कुणाला आणायचं नव्हतं. सरळ देवासपर्यंत गेले.

आईला नमस्कार. दिवाळीला तिला परत पाठवायची घाई करू नकोस, आणि थांबवूनही ठेवू नकोस.

तुझी,
कल्पना